दोन टप्पे आणि मधली रेघ

कार्डन, इलिनॉय
१६ सप्टेंबर १९७९

लोर्ना,

पत्राला उशीर झाला म्हणून तोंड वाकडं करू नकोस. घर लावणं, नवी शाळा, त्यात बाबांची ट्रॅक्टरच्या कारखान्यातली पाळी दर आठवड्याला बदलते. फोन करीन म्हटलं तर आई घड्याळ घेऊन शेजारी उभी राहते. दुसऱ्या राज्यात फोन म्हणजे मिनिटामिनिटाला पैसे. तेव्हा पत्रावर भागव.

इथल्या बास्केटबॉलचं सांगते, आणि हे सोर्बो सरांना वाचून दाखव, म्हणजे त्यांच्या तोंडातली शिट्टी खाली पडेल. इथे मुलीसुद्धा पाच-पाच जणी खेळतात. पाचही जणी मैदानभर धावतात. जी मुलगी चेंडू अडवते तीच पळत जाऊन बास्केट टाकते. टप्प्यांना तर काही हिशेबच नाही. परवा कवायतीच्या तासाला एक जण या टोकापासून त्या टोकापर्यंत टप्पे मारत गेली. मी मोजले, अकरा. मी आपली ओरडतेय, "दोन झाले, दोन झाले", आणि सगळ्या माझ्याकडे बघतायत. मधली रेघ आहे, पण नुसती रंगवलेली. तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

मी त्यांना समजावून सांगितलं, की आमच्या आयोवात एका बाजूला सहा जणी असतात. तीन टाकणाऱ्या, तीन अडवणाऱ्या. टाकणाऱ्या त्या अर्ध्यात, अडवणाऱ्या या अर्ध्यात. रेघ ओलांडायची नाही, दोनाच्या वर टप्पा मारायचा नाही. तर रोशेल प्रुइट नावाची इथली पट्टीची खेळाडू आहे, ती म्हणते, "मग चेंडू तिकडे असताना तुम्ही करता काय? उभ्या राहता?" मी म्हटलं, हो, उभ्या राहतो, आणि आख्खं गाव दुकानं बंद करून आम्हाला उभं राहिलेलं बघायला येतं. तुमच्याकडे किती येतात?

सहा वर्षं तू टाकणारी, मी अडवणारी. सहा वर्षं रोज सरावात मी तुझ्या मानगुटीवर. आता तिथे कोण आहे? आणि कॉलेजांची पत्रं यायला लागली का? सगळं लिही. फुशारक्या मारल्यास तरी चालेल, कंटाळा आलाय मला.

जोलीन


वेल्बी, आयोवा
२७ सप्टेंबर १९७९

जोलीन,

तुझ्या जागी डार्ला आलीय. एवढं लिहून थांबले तरी तुला पुढचं कळेल. ती मला अडवायला येते आणि तिचं कोपर लागलं की "सॉरी" म्हणते. एका सरावात सतरा वेळा. शेवटी मीच तिला म्हटलं, अगं बाई, ढकल मला, मारामारी कर, काहीतरी कर. तर रडायला लागली. सोर्बो सर मलाच बोलले. इथे असं चाललंय.

पत्रं अकरा आली. दहा छापील, त्यातल्या एकात माझं नाव "लॉरेन्स टायगेन" आहे, म्हणजे त्यांना मुलगा हवाय की काय देव जाणे. अकरावं मात्र हाताने लिहिलेलं आहे. मिझुरीतल्या हॅडेन कॉलेजच्या केसलर बाई. त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं की मी गेल्या वर्षी सरासरी शेहेचाळीस पॉइंट टाकले, आणि विचारलंय, ही छपाईतली चूक तर नाही ना. मी उलट लिहिलं, चूक आहे, सत्तेचाळीस होते. त्यांच्याकडे शिष्यवृत्तीच्या मोजक्या जागा आहेत. मिळाली तर फी, राहणं, जेवण, सगळं.

जोलीन, मला ती हवीय. तुला माहीतच आहे दुसरं काय आहे ते. आमची हॅचरी, आणि हॅचरीतलं ते टेबल. आई वीस वर्षं दिव्याखाली बसून कोंबडीचं एकेक पिल्लू उलटं करून शेपटाखाली बघतेय, नर इकडे, मादी तिकडे, तासाला आठशे. आता तिला जेवतानाही मान सरळ करता येत नाही. बाबांनी माझ्यासाठी दुसरा दिवा आणून ठेवलाय, शाळा संपली की लगेच. प्रेमाने आणलाय ग, म्हणून तर काही बोलता येत नाही. कॉलेज मिळालं तरच सुटका, नाहीतर मी आणि पिल्लांची ढुंगणं, जन्मभर.

तेव्हा माझ्यासाठी प्रार्थना कर, नाहीतर निदान डार्लासाठी तरी कर.

लोर्ना


कार्डन
७ ऑक्टोबर १९७९

लोर्ना,

अकरा पत्रं आली आणि एकीनेही विचारलं नाही की तुला अडवता येतं का? त्या कॉलेजांच्या बायकांचं डोकं ठिकाणावर आहे ना? कॉलेजात पाच जणींचा खेळ असतो, शहाणे. सगळीकडे. म्हणजे तू टाकायचंस, आणि मग उलटं पळत जाऊन दुसरीला टाकू द्यायचं नाहीस. तू जन्मात कोणाला अडवलंयस का? चर्चच्या जेवणात तुझ्या ताटातली जाम भरलेली कोलाची उचलून लोक पळतात, ती तुला अडवता येत नाही.

म्हणून मी ठरवलंय, मी तुला शिकवणार. पत्रातून. हसू नकोस.

पहिली गोष्ट. गुडघे वाकवून बस, खुर्चीवर बसल्यासारखी, पण खुर्चीशिवाय. स्वयंपाकघरातल्या भिंतीला पाठ लावून रोज दहा मिनिटं. मांड्या पेटल्या पाहिजेत. दुसरी गोष्ट, समोरचीच्या चेंडूकडे बघायचं नाही, डोळ्यांकडे बघायचं नाही, पोटाकडे बघायचं. डोळे फसवतात, हात फसवतात, पोट जिथे जातं तिथे बाई जाते. मी सहा वर्षं तुझं पोट बघितलंय. तू उजवीकडे जायच्या आधी श्वास आत घेतेस, हे तुला तरी माहीत आहे का?

डार्लाला सांग तू टाक, मी अडवते. आणि कळव.

जोलीन


वेल्बी
२१ ऑक्टोबर १९७९

गुरुमाउली,

तुमच्या आज्ञेप्रमाणे भिंतीला टेकून बसले. चौथ्या मिनिटाला बाबा आले आणि विचारलं, पोटात दुखतंय का. मग आई सूपचं पातेलं घेऊन चालली होती, तिच्या पोटाकडे बघून तिला अडवलं. सूप निम्मं जमिनीवर, निम्मं माझ्यावर. आई आता तुझं नाव काढलं तरी दात ओठ खाते.

सोर्बो सरांना विचारलं, मला जरा अडवायला शिकवता का. ते म्हणाले, "टायगेन, तू त्या अर्ध्यात गेलीस तर या अर्ध्यात पॉइंट कोण टाकणार, मी?" त्यांचंही बरोबर आहे. आमचा संघ जिंकतो तो मी टाकते म्हणून. केसलर बाईंना माझे पॉइंट हवेत, माझ्या मांड्या नकोत. अडवायचं काय ग, ते तिथे गेल्यावर येईल. त्यात काय मोठंसं आहे?

बाकी तुझंच सांग की. तुला आता टाकायलाही मिळतं. किती टाकलेस? सहा वर्षांत तुला एकदाही चेंडू बास्केटकडे फेकायची परवानगी नव्हती, आता मोकळं रान आहे. नीट आकडा लिही.

लोर्ना


कार्डन
१८ नोव्हेंबर १९७९

लोर्ना,

"त्यात काय मोठंसं आहे." हे वाक्य मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा पेन खाली ठेवलं. सहा वर्षं मी जे करत होते त्यात काही मोठंसं नव्हतं. बरं.

माझं विचारलंस म्हणून. संघाची निवड झाली, मी पहिल्या पाचात आहे. सगळं मस्त चाललंय. पॉइंटही होतात, इथलं वर्तमानपत्र आकडे छापत नाही, म्हणून पाठवायला काही नाही.

आता तुझा पाठ. तुझ्याबद्दल मला खरी भीती अडवण्याची नाहीच. मला भीती आहे ती रेघेची. तू बास्केट टाकलंस, चेंडू तिकडे गेला, की तुझे पाय आपोआप रेघेशी जाऊन थांबणार आणि तू हात कमरेवर ठेवून उभी राहणार. सहा वर्षांची सवय आहे. ती मोडायची तर रोज मोडायला हवी. सराव संपला की एकटी थांब. टाक, वळ, पळ. रेघेवरून पलीकडे जा. परत ये. पन्नास वेळा. कोणी हसलं तर हसू दे.

हे कर, लोर्ना. माझ्यावर उपकार म्हणून नको, त्या टेबलाची आठवण ठेवून कर.

जोलीन


वेल्बी
१४ जानेवारी १९८०

जोलीन,

बस आधी. केसलर बाई आमचा सामना बघायला आल्या होत्या. स्वतः गाडी चालवत, बर्फातून. आमच्या बाबांच्या शेजारी बसल्या, त्यांच्याच डब्यातला ॲपल पाय खाल्ला, आणि मी बावन्न पॉइंट टाकले. बावन्न. शेवटचा टाकल्यावर सगळं गाव उभं राहिलं आणि बाई बसूनच होत्या, वहीत काहीतरी लिहीत. बाबांनी वाकून बघितलं, पण अक्षर डॉक्टरसारखं.

नंतर माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, १६ फेब्रुवारीला आमच्याकडे या, आमच्या मुलींबरोबर खेळून दाखवा, आणखी सात-आठ जणी येतील. नियमाने त्यांना माझं भाडं देता येत नाही, आपलं आपण यायचं. मी बसने जाणार. आई नवा स्कर्ट शिवतेय. बाबा त्या दुसऱ्या दिव्याबद्दल आता काही बोलत नाहीत.

तुझ्या त्या पळण्याचं म्हणशील तर केलं थोडं. दोनदा केलं. डार्लाची मैत्रीण बघत होती, म्हणाली, "हिला कोणी पाठीमागून बोलावलं का?" मग कंटाळा आला.

लोर्ना


कार्डन
२० जानेवारी १९८०

लोर्ना,

दोनदा?

मी तुला पाच पानं लिहिली, चित्रं काढून पाठवली, आणि तू दोनदा केलंस? महिना उरलाय. आता तरी मुकाट्याने कर. मी इथून तुझे पाय हलवू शकत नाही. हलवता आले असते तर केव्हाच हलवले असते.

जोलीन


वेल्बी
२१ फेब्रुवारी १९८०

जोलीन,

जाऊन आले. ठीक झालं. जेवण चांगलं होतं, वसतिगृहाच्या खोल्या लहान आहेत. कळवतो म्हणाल्या. आमचा संघ जिल्ह्याच्या सामन्यात हरला, म्हणजे हंगाम संपला. बाकी विशेष काही नाही.

लोर्ना


कार्डन
२ मार्च १९८०

लोर्ना,

चार ओळी. पाच महिने मी तुझ्यामागे भुंकतेय आणि मला चार ओळी, त्यातली एक जेवणावर.

कळलं मला. झालं तुझं काम. जागा मिळाली असणार, आणि आता वेल्बीच्या राणीला जुन्या मैत्रिणीशी बोलायला वेळ नाही. होऊ दे. पण एक ऐकून ठेव. तुझे ते बावन्न पॉइंट आकाशातून पडले नाहीत. सहा वर्षं रोज दुपारी दोन तास मी तुला टाकू दिलं नाही, म्हणून तुला टाकता आलं. माझ्या कोपरातून निसटायला शिकलीस, म्हणून त्या बिचाऱ्या पोरींच्या हातून निसटतेस. तुला अकरा पत्रं आली. वेल्बीच्या तिघी अडवणाऱ्यांना मिळून किती आली सांग? एकही नाही. आमचं नावसुद्धा वर्तमानपत्रात छापत नाहीत, कारण आमच्यापुढे लिहायला आकडा नसतो. मी कधी कुरकुर केली नाही. तुला पत्र आलं की मला वाटायचं, यातलं अर्धं माझं आहे.

असो. मला आता तुझ्या पत्रांची गरज नाही. परवा मी चौदा पॉइंट टाकले. चौदा. लिहून ठेव कुठेतरी.

जोलीन


कार्डन
९ मार्च १९८०

लोर्ना,

मागचं पत्र जाळून टाक. वाचलंस तर विसर. मी गाढव आहे.

काल माझ्या नावाने पत्र आलं. पाकिटावर "कुमारी जोलीन हृस्का", टंकलेखन नाही, हाताने लिहिलेलं. आईला वाटलं कोणी मेलं. हॅडेन कॉलेजच्या केसलर बाई. लिहितात, "तुमच्या एका खेळाडू मैत्रिणीकडून तुमच्याबद्दल ऐकलं. अडवणारी चांगली मुलगी मला हवी आहे. १२ एप्रिलला पुन्हा एक चाचणी ठेवली आहे, यावं."

खेळाडू मैत्रीण. मला दुसरी कोण मैत्रीण आहे ग? तूच ना? मी तुला वाटेल ते बोलत होते, आणि तू तिथे जाऊन त्यांना माझं नाव सांगून आलीस, आणि मला त्यातलं अक्षर कळवलं नाहीस. मी ते पत्र उशीखाली ठेवलंय. तुला हसायचं तर हस.

तूच ना, लोर्ना?

जोलीन


वेल्बी
१६ मार्च १९८०

जोलीन,

हो, मीच. आता ते पुरे, मला दुसरं बोलायचंय.

मला जागा मिळालेली नाही. तिथे काय झालं ते ऐक. सुरुवातीच्या पाच मिनिटांत मी पाच बास्केट टाकले. दोन टप्पे, वळसा, आत. त्यांच्या मुली तोंडात बोट घालून बघतायत. मग चेंडू तिकडे गेला. आणि मी रेघेशी येऊन थांबले. हात कमरेवर. बोटं बरोबर रेघेच्या अलीकडे. सगळ्या माझ्या दोन्ही बाजूंनी धडाधड पळत गेल्या आणि मी आपली उभी, चेंडू परत यायची वाट बघत. एकदा नाही, चार वेळा. एकीने येऊन विचारलं, पायात गोळा आला का. पाचव्या वेळी मनाशी ठरवून एक पाय पलीकडे टाकला, आणि कोणीतरी शिट्टी मारेल या भीतीने परत मागे घेतला. शिट्टी केसलर बाईंनीच मारली. म्हणाल्या, "मिस टायगेन, तुम्ही कोणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "माझी पाळी यायची." सगळा हॉल हसला. मला बसमध्ये बसेपर्यंत रडू आवरलं, तेवढंच.

तू सगळं आधी लिहून ठेवलं होतंस, हात कमरेवरसुद्धा. म्हणून तुला चार ओळी लिहिल्या. तुझं "सांगितलं होतं ना" ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

पण ते अर्धंच कारण. दुसरं कारण ऐक, आणि आता तूही खरं बोल. त्या चाचणीला तुझ्या शाळेची रोशेल प्रुइट आली होती. आम्ही जेवायला शेजारी बसलो. मी तिला म्हटलं, तुमच्या पहिल्या पाचात माझी मैत्रीण आहे, जोलीन. ती म्हणाली, "ती आयोवाची? ती बाकावर असते." म्हणे सरावात तू सगळ्यांच्या हातून चेंडू काढून घेतेस, रोशेलच्यासुद्धा, रोज. मग चेंडू घेऊन मधल्या रेघेपर्यंत जातेस आणि थांबतेस, आणि कोणीतरी येऊन न्यावा म्हणून पुढे करून उभी राहतेस. तुमच्या सरांनी म्हणे कपाळाला हात लावला.

मी तुला हे कधीच लिहिणार नव्हते. पण तू चौदा पॉइंट लिहिलेस तेव्हा माझं डोकं फिरलं. पाच महिने मला ज्ञान पाजतेयस, "टाक, वळ, पळ", आणि स्वतः? अगं, चौदा कुठून आणलेस?

लोर्ना


कार्डन
२३ मार्च १९८०

लोर्ना,

चौदा हा माझ्या शर्टाचा नंबर आहे. रागात दुसरा आकडा सुचला नाही.

बाकी सगळं खरं आहे. पूर्ण हंगामात मी दोन पॉइंट टाकले, तेही चेंडू माझ्या डोक्यावर आपटून आत गेला म्हणून. पहिल्या सामन्यात चेंडू काढून घेतला, रेघेशी गेले, आणि समोर तू दिसेनास. सहा वर्षं तिथे पलीकडे तू असायचीस, हात पुढे करून. मी शोधत राहिले. तेवढ्यात तिघींनी मला आडवं केलं. मग बाकच. तुला काय सांगणार? तू तिथे बावन्न बावन्न टाकतेयस. मी सराव संपल्यावर थांबून रोज पन्नास वेळा रेघ ओलांडत होते, आणि तुलाही तेच लिहीत होते. पाठ तुझ्यासाठी होता तेवढाच माझ्यासाठी होता.

आपण दोघी मिळून एक अख्खी खेळाडू होतो, हे आयोवात कोणाच्या लक्षात आलं नाही.

केसलर बाईंनी तुलाही १२ एप्रिलला परत बोलावलंय असं त्यांच्या दुसऱ्या पत्रात आहे. आणि जागा एकच उरलीय, तेही आहे. मी यावं की नाही? तू नको म्हणालीस तर येणार नाही. पण आले, आणि बाईंनी मला तुझ्यासमोर उभं केलं, तर मी तुला सोडणार नाही. आत्ताच सांगून ठेवते.

जोलीन


वेल्बी
२९ मार्च १९८०

जोलीन,

ये. आणि सोडलंस तर परत तोंड दाखवू नकोस. मी रोज पळतेय. डार्ला आता सॉरी म्हणत नाही, परवा तिने मला भिंतीवर आपटलं. तिला मिठीच मारली मी.

लोर्ना


कार्डन
१९ एप्रिल १९८०

लोर्ना,

काल बाईंचं पत्र आलं. तुलाही आलं असणार, त्यामुळे गोल गोल बोलत नाही. जागा मला देतायत.

मला वाटलंच नव्हतं. तूही होतीस ना तिथे. मी पहिल्यांदा बास्केटकडे चेंडू फेकला तो फळ्यावरून पलीकडे जाऊन पाण्याच्या पिंपात पडला. बाई वही तोंडासमोर धरून हसत होत्या. तू मात्र पळालीस. प्रत्येक वेळी रेघ ओलांडलीस, मी मोजत होते. एकदा उशिरा पोचून माझ्या पाठीवर आदळलीस आणि दोघी लोळलो, तेव्हा मला वाटलं, मिळाली हिला. मी तुला चारच पॉइंट टाकू दिले. सोडलं नाही, तुला कबूल केल्याप्रमाणे. रात्रभर मांड्या दुखत होत्या.

बाई लिहितात, "टाकायला मी कोणालाही दोन उन्हाळ्यांत शिकवीन. तुम्ही जे करता ते मला शिकवता येत नाही." तीस तारखेच्या आत सही करून पाठवायचंय.

मी नाही म्हणणार आहे. थांब, भडकू नकोस. नीट ऐक. बाईंना माझं नाव कोणी सांगितलं? तू. स्वतःची जागा जाईल हे दिसत असताना तू सांगितलंस. मी तुझ्या जागी असते तर माझं तोंड उघडलं नसतं. आणि त्याचं फळ म्हणून तू जन्मभर त्या टेबलाशी मान वाकवून बसणार, आणि मी मिझुरीत तुझ्या जागेवर जेवणार? घास उतरेल का मला? मी इथे बाबांच्या कारखान्याच्या कार्यालयात टायपिंगचं काम बघितलंय, वाईट नाही. मी नाही म्हटलं की बाई तुला घेतील, पुढचं नाव तुझंच आहे, मी फोन करून विचारलं. आईने घड्याळ लावलं होतं, तरी विचारलं.

आता वाद घालू नकोस. एकदा तरी मला तुझ्यासाठी काहीतरी करू दे.

जोलीन


वेल्बी
२३ एप्रिल १९८०

जोलीन,

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरतेय. तू नाही म्हणालीस तर जागा मला मिळणार, हे वाचून मला आनंद झाला. आधी आनंदच झाला, हे तुला कळलेलं बरं. आईला सांगायला म्हणून उठलेही. मग परत बसले.

मी तुझं नाव सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत खेळ संपल्यावर केसलर बाई माझ्याकडे आल्या होत्या. पाच बास्केट त्यांना आवडले होते. म्हणाल्या, "अंगावरून इतकं सुरेख निसटायला तुम्हाला शिकवलं कोणी? सरावात तुम्हाला अडवायचं कोण?" सरळ प्रश्न. मी म्हटलं, "कोणी विशेष नाही. अशीच एक मुलगी होती. गाव सोडून गेली." असंच म्हणाले, शब्द न् शब्द. तुझं नाव जिभेवर होतं आणि मी ते गिळलं, कारण मला भीती वाटली की नाव सांगितलं तर ही बाई तुला घेईल. बघ, घेतलंच ना. रोशेल शेजारीच बुटाच्या नाड्या बांधत होती. तिने ऐकलं. मी निघून गेल्यावर तिने बाईंना सांगितलं की ती मुलगी आमच्याच शाळेत आहे, बाकावर बसते, आणि रोशेलच्या हातून रोज चेंडू काढून घेते. एप्रिलमध्ये कपडे बदलताना बाईंनीच मला हे सांगितलं. तुझी खेळाडू मैत्रीण ती. जाऊन विचार तिला, तुझ्याच वर्गात बसते.

तुझं नऊ मार्चचं पत्र आलं, "तूच ना?" मी उत्तरात "नाही" असं लिहिलं होतं. ते पान फाडलं. तू उशीखाली पत्र ठेवलंयस असं लिहिलं होतंस, आणि मला वाटलं, निदान एवढं तरी माझं असू दे. मग "हो, मीच" लिहिलं आणि पुढे पळाले. चार पॉइंटांवर तू मला धरून ठेवलंस तेव्हा मनात म्हणत होते, बरोबर झालं, लायकी हीच आहे.

तेव्हा ज्या उपकाराची तू फेड करायला निघालीस तो मी केलेलाच नाही. कसली जागा सोडतेस आणि कोणासाठी? ज्या मुलीने तुला "अशीच एक मुलगी" म्हटलं तिच्यासाठी? तुझा हा मोठेपणा मला सहन होत नाहीये, जोलीन, खरंच सांगते. तू लबाडी करत होतीस तेव्हा तुझ्याशी भांडणं सोपं होतं.

तीस तारखेच्या आत सही करून पाठव. आजच पाठव, रविवार मध्ये येतोय. आणि मग माझ्याशी भांडायला सवडीने ये. मी कुठे जात नाही.

लोर्ना